तळ्यातले मासे मेल्यावर परत मासे सोडायचे कसे (आणि आधी किती दिवस सोडायचे नाहीत)

सकाळी तळ्यावर गेलात आणि काठाला पांढरी पोटं वर करून मासे तरंगताना दिसले की माणूस पहिल्या दोन तासांत दोन चुका करतो. एक, सगळे मासे पटापट काढून पुरून टाकतो आणि नेमकं कोण मेलंय ते बघतच नाही. दुसरी, त्याच दिवशी मत्स्यबीजवाल्याला फोन लावतो. मी दोन्ही केल्यात. सहाव्या दिवशी ४०० बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) आणून सोडली, पाणी दिसायला एकदम काचेसारखं होतं, तळ दिसत होता, मला वाटलं चला निवळलं एकदाचं, आणि तेच सगळ्यात वाईट लक्षण होतं हे नंतर कळलं. पाणी काचेसारखं झालं होतं कारण त्यातलं हिरवं शेवाळ सगळं एकदम मेलं होतं, म्हणजे दिवसा ऑक्सिजन बनवणारं कुणी उरलंच नव्हतं आणि तळाशी कुजणारं सगळं मात्र ऑक्सिजन खात बसलं होतं. सोडल्यापासून चौथ्या सकाळी ती चारशेही गेली.

म्हणून गळ टाकायच्या तळ्याबद्दल खाली जे लिहितोय त्यातला अर्धा भाग मासे न सोडण्याबद्दलच आहे.

आधी बघा कोण मेलंय आणि कोण नाही

मेलेले काढायच्या आधी दहा मिनिटं काठाने फिरा, मोबाईलवर फोटो काढा, वेळ लिहून ठेवा. ऑक्सिजन संपून मासे मेले असतील तर साधारण मोठे आधी जातात, बारके पुष्कळदा वाचतात. मरण पहाटे होतं, कारण रात्रभर शेवाळ, मासे, गाळ सगळेच ऑक्सिजन वापरतात आणि सूर्य उगवायच्या तोंडावर तो सगळ्यात कमी असतो. आदल्या दोन-तीन दिवसांत आभाळ भरून होतं का, अचानक गार पाऊस पडला का, वादळ झालं का, की तुम्हीच शेवाळ मारायचं औषध टाकलं होतं, हे आठवा. उरलेले मासे पाण्याच्या वर तोंड काढून भसाभसा गिळत असतील किंवा जिथून नवं पाणी येतं तिथे गर्दी करत असतील तर जवळपास नक्कीच ऑक्सिजन.

उलट लहान-मोठे सगळे एकदम गेले, दिवसाढवळ्या गेले, आणि सोबत बेडूक, गोगलगायी, पाणकिडे पण मेलेले दिसले तर विषाचा संशय घ्या, म्हणजे वरून वाहून आलेलं कीटकनाशक वगैरे. आणि रोज दोन, रोज चार असे आठ-पंधरा दिवस मरत असतील, त्यातही एकाच जातीचे, अंगावर जखमा, कल्ले फिकट किंवा सडलेले, तर रोग. हा फरक महत्त्वाचा आहे कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. ऑक्सिजन गेला असेल तर काही आठवड्यांत तळं सावरतं, विष असेल तर ते संपल्याची खात्री होईपर्यंत एक मासा सोडायचा नाही, आणि रोग असेल तर वाचलेले मासेच नव्या पिल्लांना रोग देणार.

विषाचा संशय असेल तर स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ पाणी भरून ठेवा, आणि मासे घ्यायचे तर जे आत्ता तडफडतायत ते घ्या, कालचा फुगलेला मासा तपासणीला जवळपास निरुपयोगी असतो. दोन्ही बर्फात ठेवून लवकरात लवकर लॅबला पोचवा. सांडव्यातून पाणी बाहेर जात असेल तर तेही शक्य तेवढं अडवा, खालच्यांचं तळं कशाला मारायचं.

मेलेले काढणं आणि वाचलेल्यांना जगवणं

हे लगेच. हातमोजे घाला, जाळीने मासे ओढून घ्या, पाण्यापासून आणि विहिरीपासून लांब खड्डा करून चुना टाकून पुरा. हे मासे खायचे नाहीत, कुणाला द्यायचे नाहीत, कुत्र्यालाही नाहीत. काही मासे बुडून तळाला जातात आणि पोटात गॅस झाला की वर येतात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत तरंगलेले दिसले तर घाबरू नका, ते बहुतेक पहिल्याच दिवशीचे असतात. पण तेही काढा, कारण कुजणारा प्रत्येक किलो मासा पाण्यातला ऑक्सिजन खातो आणि अमोनिया सोडतो.

वाचलेल्यांसाठी खाद्य पूर्ण बंद. एरेटर (पाण्यात हवा मिसळायचं यंत्र) असेल तर तो पहाटे नाही, मध्यरात्रीच्या आधीच चालू करा, पहाटे मासे वर आल्यावर धावपळ करण्यात अर्थ नसतो. एरेटर नसेल तर पंपाने तळ्याचंच पाणी वरच्या थरातून उचलून उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यात पाडा. तळाचं पाणी उचलू नका, त्याला सडक्या अंड्यासारखा वास असतो आणि त्यात ऑक्सिजन नसतोच. तळाला बसवायचा, हवेचे बुडबुडे सोडणारा डिफ्युझर नवीन घेतला असेल तर पहिल्या दिवशीच २४ तास चालवायचा मोह आवरा, नाहीतर तळाचं ते घाण पाणी एका दमात सगळीकडे मिसळेल आणि उरलेलेही जातील. पहिल्या दिवशी १५-२० मिनिटं, मग रोज दुप्पट, असं करत आठवड्याभरात पूर्ण वेळेवर न्या.

पाणी मोजा, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका

माझी चारशे बोटुकली इथे गेली. टेस्ट किट घ्या, ऑक्सिजन, पीएच, अमोनिया, नायट्राइट आणि अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवायची पाण्याची ताकद) एवढं मोजता आलं म्हणजे झालं. एकदा मोजून भागत नाही, पहाटे एकदा आणि दुपारी तीनच्या सुमारास एकदा असं सलग काही दिवस मोजा, कारण एकाच तळ्यात दोन वेळांना आकडे पार वेगळे येतात.

ऑक्सिजन पहाटेचा बघायचा. लिटरला ५ मिलीग्रॅम किंवा जास्त असेल तर छान, ३ च्या खाली मासे त्रासात, २ च्या खाली बहुतेक जाती मरायला लागतात. गरम पाण्यात ऑक्सिजन कमीच मावतो, २० अंशाला साधारण ९ मिलीग्रॅम, ३० अंशाला साडेसात. म्हणजे उन्हाळ्यात तळ्याची शिल्लकच कमी असते.

पीएच साडेसहा ते नऊच्या मध्ये हवा. अमोनियाची गंमत अशी की किटवर येणारा आकडा एकूण अमोनियाचा असतो, पण त्यातला विषारी भाग किती ते पीएच ठरवतो. २५ अंशाच्या पाण्यात पीएच ७ असेल तर विषारी भाग एक टक्कापण नसतो, ८ ला साधारण ५ टक्के, आणि ९ ला एक तृतीयांशापेक्षा जास्त. त्यामुळे सकाळी बरा दिसणारा आकडा दुपारी पीएच चढला की मारक होतो. हा विषारी भाग लिटरला ०.०५ मिलीग्रॅमच्या खाली पाहिजे, ०.०२ च्या खाली असेल तर उत्तमच. नायट्राइट जास्त असेल तर माशाचं रक्त चॉकलेटी होतं, कल्ला उचलून बघितलं तरी कळतं. तिथे साधं मीठ कामाला येतं, कारण मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत जाऊ देत नाही.

अल्कलिनिटी लिटरला २० मिलीग्रॅमच्या खाली असेल तर पीएच दिवसभर झोके घेत राहतो, ५० च्या वर असेल तर बरं. कमी असेल तर चुनखडीची पावडर, हेक्टरी २०० ते ५०० किलो, हप्त्याहप्त्याने आणि सगळीकडे सारखी पसरून. चुनखडी पीएच फार वर नेत नाही म्हणून ती सेफ आहे, पण कळीचा चुना किंवा भिजवलेला चुना मासे असलेल्या तळ्यात टाकू नका, पीएच इतका झटक्यात चढतो की परत मेलेले मासे काढत बसाल.

पाण्याचा रंग बघायला एक सोपी वस्तू करा. २० सेंटिमीटरची गोल थाळी, तिचे चार भाग आलटून पालटून काळे-पांढरे रंगवलेले, मधून दोरी. पाण्यात सोडा आणि दिसेनाशी होते ती खोली मोजा. ३० ते ४५ सेंटिमीटर आली तर शेवाळ बेताचं आहे. १५-२० लाच गायब झाली तर शेवाळ फार झालंय आणि पुढचा झटका तयार होतोय. तळापर्यंत दिसत राहिली तर माझ्यासारखं खूश होऊ नका.

हापा लावून परीक्षा घ्या

किटचे सगळे आकडे नीट आले तरी ही पायरी सोडू नका, विषाचा संशय असेल तेव्हा तर नाहीच, कारण साध्या किटवर कीटकनाशक कळत नाही. बारीक जाळीचा हापा, म्हणजे मच्छरदाणी उलटी टांगल्यासारखा पिंजरा, चार काठ्यांना बांधून तळ्यात लावा, त्यात १५-२० बोटुकली सोडा आणि ७२ तास थांबा. शक्य असेल तर दोन हापे लावा, एक उथळ भागात, एक पाणी येतं तिथे. हापा तळाच्या गाळाला टेकू देऊ नका. पहिल्या दिवशी एखाददुसरं मेलं तर ते प्रवासाचं असू शकतं, पण तिसऱ्या दिवशीही मरत असतील तर पाणी तयार नाही, दोन आठवड्यांनी परत. माझ्या दुसऱ्या वेळी पहिला हापा नापास झाला होता, २० मधली ११ गेली, वाईट वाटलं पण चारशेच्या जागी अकरावर भागलं.

तळ्यात कोण उरलंय

मासे सगळे मेले असं वाटतं पण क्वचितच सगळे मरतात. ओढजाळं फिरवा, दोन-तीन ठिकाणी पाग टाका, संध्याकाळी गळ टाकून बसा, काठाच्या गवतात बारकी पिल्लं आहेत का बघा. आम्ही जाळं ओढलं तेव्हा एक म्हातारी कटला निघाली, चार-साडेचार किलोची, सगळ्या धुमाळीतून कशी वाचली देव जाणे, बहुतेक पाणी पडतं त्या कोपऱ्यात तोंड लावून बसली असणार.

हे बघायचं कारण दोन. एक, मरळीसारखे शिकारी उरले असतील आणि तुम्ही दोन इंची पिल्लं सोडलीत तर ती पिल्लं नाहीत, मरळीचं जेवण आहे. मोठ्या तोंडाचा शिकारी मासा स्वतःच्या लांबीच्या तिसऱ्या भागाएवढा मासा आरामात गिळतो, म्हणजे ४५ सेंटिमीटरचे शिकारी असतील तर १५ सेंटिमीटरपेक्षा लहान काही सोडू नका, नाहीतर आधी शिकारी कमी करा. दुसरं, कोण आपोआप वाढणार आणि कोण नाही हे. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पुराचं पाणी लागतं, म्हणजे तळ्यात दहा वाचले असतील तर पुढच्या वर्षीही दहाच असणार. सायप्रिनस (कॉमन कार्प) आणि तिलापिया मात्र तळ्यातच पिल्लं घालतात, तिलापिया तर इतकी की सगळीच हाताएवढी राहतात आणि गळाला लागली तरी मजा येत नाही. पाच-सहा जोड्या तिलापिया उरली असेल तर विकत आणायची गरजच नाही, उलट काढायचा विचार करा.

किती सोडायचे याचा हिशोब

तळ्याची लांबी-रुंदी मोजा, खोली एका ठिकाणी नाही तर १०-१५ ठिकाणी मोजून सरासरी काढा. समजा ६० मीटर बाय ४० मीटर, म्हणजे २,४०० चौरस मीटर, सरासरी खोली दीड मीटर, तर पाणी झालं ३,६०० घनमीटर, ३६ लाख लिटर. चुनखडी क्षेत्रफळावर टाकतात आणि मीठ-औषध घनमीटरवर, म्हणून दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा.

आता मासे. बोटुकली इवलीशी दिसते, पिशवीत हजार पण कमीच वाटतात, आणि तिथेच सगळे फसतात. हिशोब बोटुकलीचा नाही, ती मोठी झाल्यावर किती किलो होतील त्याचा करायचा. व्यापारी मत्स्यशेतीत हेक्टरी ५,००० ते १०,००० सोडतात, पण तिथे रोज खाद्य असतं, एरेटर असतात आणि मासे वर्षभरात काढून घेतात. गळ टाकायच्या तळ्यात मासे वर्षानुवर्षं राहतात. माझं मत असं की एरेटर नसलेल्या तळ्यात मोठ्या माशांचं एकूण वजन हेक्टरी हजार किलोच्या आत ठेवा. वरच्या तळ्यात ते २४० किलो होतात, म्हणजे किलोकिलोचे २४० मासे, मधे मरणारे धरून ३०० बोटुकली, बस. वाचलेल्यांचं वजन यातून वजा करा. दोन वर्षांनी तेच मासे दोन किलोचे झाले की अर्धे काढावेच लागतील, तेव्हा जीव कळवळू देऊ नका.

जातींमध्ये कटला वरच्या थरात खाते, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, म्हणून तिघांचं ४:३:३ चं प्रमाण बऱ्यापैकी चालतं. तळं उथळ असेल तर कटला कमी करा. गवत्या (पाणवनस्पती खाणारा ग्रास कार्प) हवा असेल तर पाणवनस्पती खरंच माजली असेल तरच, आणि थोडेच. शिकारी मासे ठेवायचे असतील तर ते शेवटी, शिकाऱ्यांचं खाणं होणारे बारके मासे आधी सोडून, ते रुळून त्यांची पिल्लं दिसायला लागली की मग शिकारी. दोन्ही एकदम सोडले तर पहिल्या महिन्यातच एक बाजू साफ होते. बाहेरची जात आणायची असेल तर तुमच्या भागात ती सोडायला परवानगी आहे का ते आधी विचारा, पुरात तळं फुटलं की ती नदीत जाते.

बीज आणताना

८ ते १० सेंटिमीटरची बोटुकली घ्या, मत्स्यजिरे (अगदी बारीक पिल्लं) स्वस्त पडतात पण मोठ्या तळ्यात त्यातले किती जगतील याचा भरवसा नाही. घ्यायच्या आधी टबात बघा, पाण्यात हात गोल फिरवला की निरोगी पिल्लं प्रवाहाच्या उलटी पोहतात, आजारी प्रवाहासोबत वाहत जातात. अंगावर लाल ठिपके, कापसासारखे पुंजके, तुटके पर असतील तर परत फिरा. पॅकिंगच्या आधी २४ तास उपाशी ठेवली होती का विचारा, भरल्या पोटाची पिल्लं पिशवीतलं पाणी घाण करतात. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन असतो, गाडीत सावलीत ठेवा.

सोडायचा दिवस

उजाडायच्या आधी सोडू नका. सगळे "पहाटे गारव्यात सोडा" सांगतात, गारवा बरोबर आहे, पण तेव्हा तळ्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. ऊन पडून दीड-दोन तास झाले की सोडा. आभाळ असेल तर दिवस पुढे ढकला.

पिशव्या न उघडता तळ्यात २०-३० मिनिटं तरंगत ठेवा, सावलीत, आणि थर्मामीटर लावून बघा, फरक दोन अंशाच्या आत आला पाहिजे. सुरुवातीलाच फरक जास्त असेल तर जास्त वेळ द्या. पण एकदा पिशवी उघडली की मग रेंगाळायचं नाही. बंद पिशवीत पिल्लांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, त्याने पीएच खाली असतो आणि साचलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की तो वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून तापमान बंद पिशवीत जुळवा, उघडल्यावर दोन-तीन वेळा ओंजळभर तळ्याचं पाणी घाला, आणि पाच-दहा मिनिटांत पिशवी आडवी करून तोंड पाण्यात बुडवा. ओतू नका. पिल्लं स्वतः बाहेर पडतात, आधी दोन-चार धीट, मग सगळा लोंढा. आडवी करूनही तळाशी पडून राहिलेली मोजा, तो तुमचा पहिला मृत्यूचा आकडा. सगळ्या पिशव्या एकाच जागी सोडू नका, तीन-चार ठिकाणी, आणि जिथे बगळे उभे असतात तिथे तर नाहीच.

५० पिल्लं मोजून हापात ठेवा. तिसऱ्या दिवशी त्यातली ४५ जिवंत असतील तर तळ्यातलीही साधारण त्याच प्रमाणात आहेत असं धरा. मेलेली बोटुकली तळाला जाते, खेकडे खातात, तुम्हाला दिसतच नाही, त्यामुळे "वर काही तरंगलं नाही" याला काही अर्थ नाही.

पुढचे काही महिने

पहिला दिवस खाद्य नाही. मग तळ्यातल्या माशांच्या वजनाच्या एक-दोन टक्के, ट्रेमध्ये ठेवून, तासाभराने उरलं तर उद्या कमी. ढगाळ दिवशी बंद. पहाटे एक चक्कर मारा, मासे वर तोंड काढतायत का एवढंच बघायचं.

पाणवनस्पती मारायची वेळ आली तर एका वेळी तळ्याचा पाव भागच घ्या आणि मधे दोन-तीन आठवडे जाऊ द्या, सगळी एकदम मारली की ती एकदम कुजते आणि आपण जिथून सुरुवात केली तिथेच परत. काठाला चार-पाच मीटर गवताची पट्टी वाढू द्या, वरून वाहून येणारं खत आणि माती ती अडवते. जनावरं तळ्यात उतरू देऊ नका.

गळ टाकायला किमान एक वर्ष थांबा, बोटुकली तोवर अर्धा-पाऊण किलोची होते. सुरुवातीला बिनकाट्याचा गळ वापरा, ओल्या हाताने धरा, लांबी मोजून वहीत लिहा आणि सोडून द्या. पाणी ३० अंशाच्या वर असेल त्या दिवशी सोडलेला मासाही पुष्कळदा नंतर मरतो, म्हणून कडक उन्हाळ्यात फक्त बांधावर बसून बघायचं. आमच्याकडे ती म्हातारी कटला दोनदा लागली त्यानंतर, दोन्ही वेळा त्याच पाणी पडतं त्या कोपऱ्यात.